डोकं, चेहरा आणि मानेतल्या दुर्मिळ गाठींचं निदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे अंगातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी डॉक्टर, ठाण्याच्या नौपाड्यात बसते. तुमची गाठ मी बघते, तुम्हाला मात्र क्वचितच. कळवा, ऐरोली, डोंबिवली, कधी थेट बदलापूरहून फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा कुजू न देणाऱ्या द्रावाच्या, बाटलीत तुकडा येतो. सोबतच्या चिठ्ठीवर कधी सगळी हकिगत असते, तर कधी नुसतं ‘मानेची गाठ, पुरुष, ४५’. रिपोर्ट न्यायला येणारे नातेवाईक काउंटरवर जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल हे नाही. हे सार्कोमाबद्दल आहे.

रिपोर्टवर ‘सार्कोमा’ लिहिलंय. म्हणजे कॅन्सरच ना? मग वेगळं नाव कशाला?

कॅन्सरच. पण घराणं वेगळं. तोंडाचा, घशाचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरातून उगवतो, त्याला कार्सिनोमा म्हणतात. सार्कोमा उगवतो अस्तराखालच्या मऊ भागांतून, म्हणजे स्नायू, चरबी, नसांची आवरणं, रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे तंतू यांतून. मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरमध्ये सार्कोमा साधारण एक. मऊ भागांतल्या सार्कोमांपैकी डोकं-मानेत होणारे पाच ते दहा टक्के. त्यातही पोटप्रकार पन्नासांच्या वर.

दुर्मिळ म्हटलं की लोकांना वाटतं, ‘आपल्याला कशाला होईल?’ माझ्या लेखी त्याचा अर्थ दुसराच आहे. जे रोज दिसत नाही ते ओळखायला डोळा तयार झालेला नसतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा नाही, दाताच्या डॉक्टरांचा नाही आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्या पॅथॉलॉजिस्टचाही नाही.

माझ्या मानेला गाठ आहे. ती हीच असेल का?

बहुधा नाही. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की आधी आठवावी ती गंडमाळ, म्हणजे टीबीची गाठ. मग किडलेल्या दातामुळे सुजलेली लसीकाग्रंथी, थायरॉइड, जन्मापासूनच्या पाण्याच्या गाठी आणि चरबीचं अवाळू. जीभ बाहेर काढली की वर सरकणारी मधोमधची गाठ बहुतेक वेळा थायरोग्लॉसल सिस्ट निघते. या सगळ्यांच्या रांगेत सार्कोमा अगदी शेवटी उभा असतो.

तरीही काही गाठींकडे दुर्लक्ष करू नये. आठवड्या-आठवड्याला वाढणारी. खोल रुतलेली, बोटांनी हलवली तरी न हलणारी. एकदा काढून त्याच जागी पुन्हा आलेली. जिच्यामुळे चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, आवाज बसला किंवा डोळा पुढे आला अशी. एकाच नाकपुडीतून रक्त आणि तीच नाकपुडी बंद. हिरडीला सूज येऊन कारण नसताना हलू लागलेला दात, आणि तो काढल्यावर न भरणारी, मांस वर येणारी खाच. यापूर्वी त्याच भागाला रेडिएशन मिळालं असेल, तर कित्येक वर्षांनी त्याच पट्ट्यात सार्कोमा उगवू शकतो, हेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आकाराचंही बघा. हाता-पायात पाच सेंटिमीटरच्या वरची गाठ संशयाची मानतात. मानेत आणि चेहऱ्यात तो आकडा लावून चालत नाही, कारण इथे जागाच नाही. स्टेज, म्हणजे कॅन्सर कुठवर पोचला, ते ठरवण्याच्या एजेसीसी या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत, जी २०१८ पासून वापरात आली, डोकं-मानेच्या सार्कोमाला स्वतंत्र मोजपट्टी दिली आहे. दोन सेंटिमीटरपर्यंत पहिली पायरी, दोन ते चार दुसरी, चारच्या वर तिसरी, आणि हाड, डोळ्याची खोबण, मेंदूचं आवरण असं काही गिळलं की चौथी. सुपारीएवढी गाठ इथे ‘छोटी’ राहत नाही.

दुखत तर नाही. मग घाई कशाला?

सार्कोमा बहुधा दुखतच नाही, निदान सुरुवातीला तरी. दुखणारी गाठ माणूस लगेच दाखवतो, न दुखणारी गणपती होऊ दे, मग दिवाळी होऊ दे, असं करत राहते. चोळू नका, शेकू नका, लेप लावू नका. प्रतिजैविकांचा एक कोर्स घेऊन दोन-तीन आठवड्यांत गाठ उतरली नाही, तर दुसरा कोर्स मागू नका, तपासणी मागा.

लहान मुलांना होतो का?

होतो, आणि मुलांमध्ये डोकं-मान ही त्याची आवडती जागा. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हे त्याचं नाव. मुलांमधल्या या गाठींपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त डोकं-मानेत असतात. डोळ्याच्या खोबणीत, नाकामागच्या पोकळीत, मधल्या कानात, गालात.

गोंधळ होतो तो इथे. डोळा दोन-तीन आठवड्यांत पुढे आला, तर घरचे म्हणतात काही तरी चावलं असेल. कानातून पू-रक्त येतं आणि आत लालसर मांस दिसतं, तर ‘कान फुटलाय’ म्हणून महिना-महिना थेंब चालतात. कान फुटणं आपल्याकडे इतकं घरोघरचं, की कुणाला दोष द्यावा असंही वाटत नाही. पण थेंब घालून कान सुकत नसेल, आतून मांस वाढत असेल आणि त्यात चेहरा एका बाजूला ओढला जाऊ लागला, तर त्याच आठवड्यात स्कॅन आणि तुकडा.

या गाठीचे दोन मुख्य प्रकार, एम्ब्रायोनल आणि अल्व्हिओलर. दुसऱ्यात बहुतेक वेळा पॅक्स ३ किंवा पॅक्स ७ हे जनुक फॉक्सओ १ ला जोडलं गेलेलं असतं. ही जोडणी आहे की नाही, यावर मुलाचे उपचार किती तिखट ठेवायचे हे ठरतं. म्हणून तो रिपोर्ट ‘जास्तीचा’ समजून टाळू नका. गाठ मेंदूच्या आवरणाजवळ असेल तर पाठीतून पाणी काढून तपासतात आणि अनेक मुलांची बोन मॅरोही बघतात. आई-बाप त्यावर घाबरतात. निदान झाल्यावर आजार किती पसरलाय हे बघण्याची ही रीतच आहे.

आजोबांच्या टकलावर निळसर डाग आहे, मार लागल्यासारखा. पण मार आठवत नाही.

तो डाग महिनाभरात गेला नाही, कडा पसरत राहिल्या किंवा मधे रक्ताळलं, तर कातडीच्या डॉक्टरांकडून तुकडा घ्यायला लावा. वयस्कर माणसांच्या टाळूवर आणि चेहऱ्यावर अँजिओसार्कोमा असाच येतो, खरचटल्याच्या वेशात. दिसतो त्यापेक्षा खूप पसरलेला असतो, म्हणून डागाच्या मधून एकच नव्हे, कडेच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतूनही तुकडे घ्यावे लागतात.

सुईची तपासणी झाली. ‘स्पिंडल सेल लेजन’ असं आलंय. हे काय निदान झालं?

नाही झालं. चातीसारख्या लांबट पेशी दिसल्या, एवढंच त्या शब्दांत आहे. चांगल्या स्वभावाच्या गाठीतही त्या असतात, सार्कोमातही असतात, आणि तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला साधा कार्सिनोमाही कधी कधी वेश बदलून असाच दिसतो.

बारीक सुईने, म्हणजे एफएनएसीने, सुट्या पेशी मिळतात. थायरॉइडला, टीबीच्या गाठीला ती तपासणी छान, स्वस्त आणि झटपट. सार्कोमात मात्र पेशी एकमेकींच्या शेजारी कशा बसल्यात, हा अर्धा पुरावा असतो, आणि सुट्या पेशींत तोच हरवतो. विटा बघून इमारत ओळखायला सांगितल्यासारखं आहे ते. पुढची पायरी जाड सुईची, कोअर बायोप्सी. तिच्यातून शेवयांसारखे तुकडे मिळतात. एकच नको, तीन-चार तरी घ्या, असं आम्ही विनवत असतो, कारण पुढच्या सगळ्या चाचण्या त्यावरच करायच्या असतात.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात, आणि त्यापायी लोक सहा-सहा महिने थांबतात. सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याची शक्यता अगदी थोडी असते. म्हणूनच सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारून ठरवतात, म्हणजे ती वाटही गाठीबरोबर काढता येते. न टोचता बसल्याने गाठ थांबत नाही.

गाठ छोटी आहे. डॉक्टर म्हणतात, लोकल भूल देऊन काढून टाकू, मग तपासायला पाठवू. चालेल ना?

या एका प्रश्नासाठी मी हे पान लिहायला घेतलं.

कातडीलगत, मऊ, वर्षानुवर्षं तेवढीच असलेली चरबीची गाठ असेल तर चालेल. पण गाठ खोल असेल, कडक असेल, वाढत असेल, तर आधी स्कॅन, मग जाड सुईची बायोप्सी आणि मगच सुरी. सार्कोमा गोटीसारखा गोल, वेगळा निघेलसा दिसतो. सर्जनला वाटतं, साल सुटलं, पूर्ण निघाली. ते साल खरं नसतंच. वाढत्या गाठीने दाबलेल्या आजूबाजूच्या मांसाचाच तो थर असतो आणि त्यात कॅन्सरच्या पेशी असतात. अशा ‘पूर्ण निघालेल्या’ गाठीनंतर दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं, की बऱ्याच जणांत मागे राहिलेली गाठ सापडते. मांडीत दुसऱ्यांदा रुंद कापता येतं. मानेत पलीकडे कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मोठी वाहिनी असते, गालात चेहरा हलवणारी नस असते. पहिल्या कापाने सगळीकडे रक्त पसरलं, की नक्की किती काढायचं हे कुणालाच सांगता येत नाही.

एका तरुणाचा तुकडा माझ्याकडे आला होता. कानामागची गाठ अवाळू म्हणून काढली होती. कुठे, ते सांगत नाही. काढलेली गाठ तपासायला गेलीच नव्हती. ‘साधी होती, फेकून दिली.’ काही महिन्यांनी तिथेच दुप्पट उगवली, ती माझ्याकडे आली आणि सार्कोमा निघाली. पहिली गाठ केवढी होती, कडेपर्यंत होती का, कुठला ग्रेड होता, हे मला विचारलं गेलं. मी कशावरून सांगू? तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते, अंगातून काढलेली कुठलीही गाठ तपासल्याशिवाय टाकू देऊ नका. अवाळूसुद्धा.

बाटली तुमच्याच हातात दिली, तर तुकडा बुडेल असं भरपूर फॉर्मॅलिन आहे का बघा, तुकड्याच्या दहापट तरी. सलाइनमध्ये, ग्लव्हजमध्ये गुंडाळून, एकदा तर साध्या पाण्याच्या बाटलीत तुकडे आलेत. ते कुजतात आणि मग जगातली कुठलीच लॅब काही करू शकत नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये ती बाटली पिशवीत उभी ठेवा, झाकणाला चिकटपट्टी लावा. तो वास डब्यात पसरला तर तुमची खैर नाही.

आधी एमआरआय की आधी बायोप्सी?

आधी चित्र, मग सुई. वरवरच्या गाठीला सोनोग्राफी पुरते. खोल गाठीला कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. हाड, सायनस, कवटीचा तळ यांचा प्रश्न असेल तर सीटीही. बायोप्सीनंतर आत रक्त साकळतं, सूज येते आणि एमआरआयमध्ये गाठ खरी केवढी ते धूसर होतं, हे एक कारण.

दुसरं कारण जिवाचं. वयात येणाऱ्या मुलाच्या एका नाकपुडीतून वरचेवर रक्त येत असेल, तर तो अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ, असू शकतो. कॅन्सर नव्हे, पण ओपीडीत चिमट्याने तुकडा काढायला गेलं तर रक्त थांबता थांबत नाही. मानेत कॅरोटिडच्या दुबेळक्यात बसलेल्या गाठीचंही तसंच. तान्ह्या बाळाच्या नाकातला गोळा कधी कधी मेंदूचाच खाली उतरलेला भाग असतो. या तिघांचं निदान चित्रावरच होऊ शकतं.

बायोप्सी देऊन दहा दिवस झाले. अजून ‘पेंडिंग’. तुम्ही तिथे करता तरी काय?

रास्त प्रश्न. पहिल्या दिवशी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरतो. मग पाणी काढून त्यात मेण भरतात, तो झाला ब्लॉक. त्याचे केसापेक्षा बारीक काप काचेवर घेऊन गुलाबी-जांभळा रंग देतात, ती स्लाइड. इथवर दोन-तीन दिवस. तुकड्यात जबड्याचं हाड असेल तर ते मऊ करायला आणखी वेळ, आणि ते कडक आम्लात केलं तर पुढे जनुकांची तपासणी बाद होते. घाई नडते ती अशी.

स्लाइड बघून मी यादी करते, हे काय काय असू शकतं. मग इम्युनो, म्हणजे आयएचसी. पेशीत ठरावीक प्रथिन असेल तर ती तपकिरी दिसते. डेस्मिन आणि मायोजेनिन लागले तर स्नायूकडची. सीडी ३१ आणि ईआरजी लागले तर रक्तवाहिनीकडची. एस १०० आणि सॉक्स १० लागले तर नसेच्या आवरणाकडची, नाहीतर मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर. केरॅटिन लागलं तर आधी कार्सिनोमाचा विचार. आधी म्हटलं, कारण सायनोव्हियल सार्कोमातही केरॅटिन लागतं. एकच रंग बघून निदान करणारा फसतो. म्हणून एकदम सात-आठ लावतो, उत्तर जुळलं नाही तर दुसरी खेप, आणि बिलही वाढतं. काउंटरवरची निम्मी भांडणं या दुसऱ्या खेपेवरून होतात.

त्यानंतरही अडलं तर जनुकं. फिश, म्हणजे एखादं जनुक तुटलंय का हे चमकत्या रंगाने दाखवणारी चाचणी, किंवा त्याहून मोठी, जनुकं वाचणारी सीक्वेन्सिंगची चाचणी, ज्याला आणखी दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. कित्येक सार्कोमांत दोन जनुकं तुटून भलत्या जागी जोडलेली असतात, आणि ती जोडी म्हणजे गाठीचं आधारकार्डच. सायनोव्हियल सार्कोमात एसएस १८ आणि एसएसएक्स. इविंग सार्कोमात बहुधा ईडब्ल्यूएसआर १ आणि एफएलआय १. कातडीतल्या डर्मॅटोफायब्रोसार्कोमात कोलॅजेनचं जनुक पीडीजीएफबीला जोडलेलं. तिथे नाव ठरतंच, शिवाय इमॅटिनिब ही गोळी लागू पडेल का तेही कळतं. चरबीच्या सार्कोमाच्या नेहमीच्या प्रकारात जोडी नसते, एमडीएम २ या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. साधं अवाळू आणि चरबीचा सार्कोमा यांत शंका असेल तर तीच चाचणी निवाडा करते.

नाकातला बायफेनोटिपिक सार्कोमा, म्हणजे स्नायू आणि नस अशा दोन्ही घराण्यांच्या खुणा दाखवणारा, ही तर गंमतच. हळू वाढणारी, जागच्या जागी पुन्हा येणारी गाठ, मध्यमवयीन बायकांत जास्त. २०१२ मध्ये तिचं पहिल्यांदा वेगळं वर्णन झालं. त्याआधी या गाठी नव्हत्या असं नाही, त्या वेगवेगळ्या नावांनी फाइलींत पडून होत्या. आजही पॅक्स ३ तपासलं नाही तर ती दुसऱ्याच नावाने घरी जाते.

उलटही होतं. नोड्युलर फॅसायटिस नावाची गाठ दोन-तीन आठवड्यांत फुगते, तिच्या पेशी भराभर दुभंगत असतात, बघताच सार्कोमा म्हणावा अशी. आणि असते निरुपद्रवी, बऱ्याचदा आपणहून विरते. यूएसपी ६ या जनुकातली मोडतोड तिची खूण. पेंडिंग लिहिताना मला शिव्या बसतात हे ठाऊक आहे. पण अशी गाठ सार्कोमा म्हणून अर्धा जबडा कापला गेला, तर तो कोण परत देणार?

दोन लॅबचे दोन वेगळे रिपोर्ट आले. खरा कुठला?

तिसऱ्याला विचारा, पण सार्कोमा रोज बघणाऱ्याला. दुर्मिळ गाठींत दुसऱ्या नजरेने नाव बदलणं ही नवलाची गोष्ट नाही. मी स्वतः अडले की स्लाइड पुढे पाठवते, त्यात कसला कमीपणा? विचारायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. ब्लॉक, स्लाइड, स्कॅनची सीडी आणि आधीच्या ऑपरेशनची नोंद, सगळं न्या. ब्लॉक-स्लाइड लॅबकडे लेखी अर्ज करून मिळतात. सगळेच ब्लॉक एका ठिकाणी देऊन टाकू नका आणि दिलेल्याची पोच घ्या.

ग्रेड आणि स्टेज एकच का?

नाही. ग्रेड म्हणजे गाठीचा स्वभाव. पेशी मूळच्यांपासून किती बिघडल्यात, किती भराभर दुभंगतात आणि गाठीचा किती भाग मेलेला आहे, या तिन्हींचे गुण मिळवून एक ते तीन ठरतो. स्टेज म्हणजे ती कुठवर पोचली. सार्कोमा पसरला तर बहुधा रक्तातून फुप्फुसात जातो, म्हणून छातीचा सीटी करतात. मानेतल्या ग्रंथींत तो कमी जातो, तरी ऱ्हॅब्डो आणि अँजिओसार्कोमा याला अपवाद. पेट स्कॅन प्रत्येकाला लागतोच असं नाही.

रक्ताच्या तपासणीत कळत नाही का?

नाही. ‘कॅन्सर मार्कर’ची पॅकेजं विकली जातात, सार्कोमासाठी त्यांचा उपयोग नाही.

टाटाला परळला जायचं की खारघरला? आणि पैशांचं काय?

परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासूनचं. खारघरच्या सेक्टर २२ मधलं अ‍ॅक्ट्रेक त्याच टाटा मेमोरियल सेंटरचं. ठाण्याहून परळ सोपं, स्लो लोकलने थेट. पनवेल-खारघर पट्ट्यातल्यांना अर्थातच अ‍ॅक्ट्रेक जवळ. पण नवी नोंदणी तुमच्या आजाराला कुठे होईल, ते निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघा. दार कुठलंही असो, डोकं-मानेचे सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून तुमची केस बघणार आहेत का, एवढं विचारा. खासगी रुग्णालयातही हाच प्रश्न. गावाहून नातेवाईक पेशंट आणत असतील तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा त्यांना ठाऊक करून द्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता पांढरं रेशनकार्डवालेही त्यात येतात. उपचारांच्या मंजुरीसाठी निदानाचे कागद लागतात, त्यामुळे बायोप्सीचा, इम्युनोचा खर्च अनेकदा आधी खिशातून होतो. जनुकांची चाचणी सांगितली, तर ती फुकट किंवा सवलतीत कुठे होईल हे रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा. त्यांना जेवढं ठाऊक असतं तेवढं डॉक्टरांनाही नसतं.

ब्लॉक घरी कसे ठेवायचे? फ्रिजमध्ये?

फ्रिजची गरज नाही. घरातल्या कपाटात, झाकणाच्या डबीत, वर नाव आणि लॅबचा नंबर. ते मेण आहे, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलंत तर मऊ पडून आतला तुकडा सरकेल. स्लाइड टिश्यूपेपरमध्ये नको, काचा फुटतात. लॅबमधून प्लॅस्टिकची स्लाइडपेटी मागून घ्या, मी तरी कुणाला नाही म्हणत नाही.